मारफन, एलर्स-डॅनलॉस, ठिसूळ हाडं: रिसर्चला पैसे द्यायचेत, पण कुठे आणि कसे? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या भाच्याला मारफन आहे, आम्ही कुडाळकडचे. त्याचं निदान झाल्यापासून घरात आणि गावात जे प्रश्न येत गेले, आणि नंतर रत्नागिरी, चिपळूण, अलिबागकडून फोनवर जे येत राहिले, ते सगळे इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. इथे मुख्य विषय पैशाचा आहे, म्हणजे रिसर्चला पैसा कुठून येतो, कुठे कमी पडतो आणि आपण नेमकं काय करू शकतो.

१. हे कनेक्टिव्ह टिश्यूचे आजार म्हणजे नेमके कुठले?

शरीराला बांधून ठेवणारी जी ऊती असते, हाडं, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, डोळ्याचं भिंग धरून ठेवणारे धागे, सगळीकडे ती आहे, आणि तिच्यातलं एखादं प्रोटीन जन्मापासूनच नीट बनत नाही. मारफनमधे एफबीएन१ हा जीन बिघडलेला असतो, साधारण ५,००० माणसांत एकाला हा आजार असतो. एलर्स-डॅनलॉसचे २०१७ च्या वर्गीकरणाप्रमाणे १३ प्रकार आहेत. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणजे हाडं ठिसूळ, जरा धक्का लागला की फ्रॅक्चर. लोईस-डायट्झ मारफनसारखाच दिसतो पण रक्तवाहिन्यांच्या बाबतीत जास्त आक्रमक.

मारफनमधे आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. पण साधारण चारातल्या एका पेशंटच्या घरात आधी कुणालाच नसतो, जीनमधला बदल त्याच्यापासूनच सुरू होतो. म्हणून "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणून विषय सोडून देऊ नका.

२. औषधं आहेत, ऑपरेशन आहे, मग अजून रिसर्च कशाला?

कारण जी औषधं आणि ऑपरेशनं आज आहेत ती रिसर्चमुळेच आहेत. १९७२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मारफनच्या पेशंटचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं, बत्तीस! बहुतेकांचा जीव महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फुगून फाटल्यामुळे किंवा हृदयाच्याच दुसऱ्या त्रासामुळे जायचा. नंतर महाधमनीचा फुगलेला भाग बदलायचं ऑपरेशन आलं, इको (हृदयाची सोनोग्राफी) आला, १९९४ मधे फक्त ७० पेशंटवरच्या ट्रायलने प्रोप्रानोलॉल ही साधी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके हळू करणारी) गोळी महाधमनीचं फुगणं हळू करते हे दाखवलं, आणि आज वेळेवर निदान झालेला माणूस साठी-सत्तरी गाठू शकतो.

पण अजून खूप काही बाकी आहे. एलर्स-डॅनलॉसचा हायपरमोबाइल प्रकार, म्हणजे सांधे प्रमाणाबाहेर वाकणारा, सगळ्यात जास्त लोकांना असतो आणि त्याचाच जीन अजून सापडलेला नाही, त्यामुळे त्या मुलींना वर्षानुवर्षं "नाटक करते" असं ऐकावं लागतं. (हो, मुलींनाच जास्त. मला याची फार चीड येते.)

३. औषध कंपन्या एवढ्या श्रीमंत, त्या का नाही खर्च करत?

लोसार्टनचं उदाहरण बघा. बीपीची जुनी गोळी, आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमधे काही रुपयांत मिळते. २००६ मधे उंदरांवर दिसलं की मारफनमधे ती महाधमनी वाचवू शकते. पण पेटंट संपत आलेल्या गोळीची मोठी ट्रायल कुठली कंपनी करणार, नफा कुठेय त्यात? शेवटी अमेरिकेत सरकारी पैशातून आणि द मारफन फाउंडेशनच्या मदतीने ६०८ मुलं आणि तरुण घेऊन ट्रायल झाली, २०१४ मधे निकाल आला की ती बीटा ब्लॉकरपेक्षा सरस ठरली नाही. ब्रिटनमधे त्याच गटातल्या इर्बेसार्टनची १९२ जणांवरची ट्रायल ब्रिटिश हार्ट फाउंडेशन आणि तिथल्या पेशंटच्या संस्थांनी पैसे घालून केली, २०१९ ला छापून आली, त्यात फायदा दिसला. मग २०२२ मधे अशा सगळ्या ट्रायल्सचा डेटा एकत्र करून बघितल्यावर कळलं की या गटातली औषधं उपयोगी आहेत, बीटा ब्लॉकरच्या जोडीनेसुद्धा.

म्हणजे जुन्या स्वस्त औषधांच्या बाबतीत कंपनी येत नाही. सरकार, धर्मादाय संस्था आणि पेशंटचे घरवाले हेच पैसे उभे करतात. आपल्याकडेही वेगळं काही होणार नाही.

४. आपलं सरकार काही देतं का?

देतं, पण कशासाठी ते नीट वाचा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ठरावीक आजारांच्या उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदत आहे, ती सरकारने नेमलेल्या मोठ्या हॉस्पिटलमधूनच (सेंटर ऑफ एक्सलन्स) मिळते आणि मुंबईत ते केईएम हॉस्पिटल आहे. ठिसूळ हाडांचा आजार, बिस्फॉस्फोनेटच्या (हाडं मजबूत करणारं औषध) उपचारासाठी, त्या यादीत आहे. मारफनचं नाव २०२१ च्या मूळ यादीत नव्हतं.

ही झाली उपचाराची मदत. रिसर्चसाठी आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या ग्रँट्स असतात, पण त्या संशोधकाने अर्ज करून मिळवायच्या असतात, तुम्ही-आम्ही नाही. आयसीएमआरची दुर्मिळ आणि अनुवंशिक आजारांची राष्ट्रीय नोंदवही पण आहे, तिचं महत्त्व प्रश्न ६ आणि ७ मधे.

५. उपचाराचा फंड आणि रिसर्चचा फंड एकच ना?

नाही! हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि त्यातूनच भांडणं होतात. एखाद्या मुलाच्या ऑपरेशनसाठी गावाने पैसे गोळा केले तर ते त्या मुलाचे, उरले म्हणून परस्पर "रिसर्चला देऊन टाकू" असं नाही करता येत, ज्यांनी दिले त्यांना विचारायला हवं. आणि उलटही तसंच, रिसर्चच्या नावाने घेतलेले पैसे कुणाच्या आयसीयूच्या बिलात जाता कामा नयेत, कितीही जीव तुटला तरी.

दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं ऑनलाइन देणगीचं पोर्टल आहे, तिथेही धोरणात असंच लिहिलंय की आलेला पैसा आधी पेशंटच्या उपचाराला, आणि उरला तर सेंटर तो रिसर्चला वापरू शकतं. म्हणजे तिथे दिलेले पैसे रिसर्चलाच जातील असं गृहीत धरू नका. पाचशे रुपये गोळा करायचे असले तरी पावतीवर "उपचार" की "संशोधन" हे आधी छापा, मग घरोघरी जा.

६. आम्ही गावातली माणसं, आमच्या पाच-दहा हजारांनी काय रिसर्च होणार?

ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. लोकांना वाटतं रिसर्च म्हणजे लॅब आणि करोडोंची मशीनं. ती लागतातच, पण आपल्याकडे त्याच्याही आधी जे अडतं ते म्हणजे पेशंट मोजलेलेच नाहीत आणि त्यांची मापं कुणाकडे एका जागी नाहीत. महाधमनीवरचा कुठलाही अभ्यास घ्या, त्याचा कच्चा माल काय असतो, तर दर वर्षीच्या इकोमधलं एक माप. रिपोर्टमधे "एऑर्टिक रूट" (महाधमनीचं मूळ) म्हणून एक ओळ असते, समोर मिलिमीटरमधे आकडा, लहान मुलांचा असेल तर शेजारी झेड स्कोर, म्हणजे मुलाच्या शरीराच्या मानाने ते माप किती जास्त. गेल्या वर्षी ३६, यंदा ३८, एवढंच. पण हीच ओळ सलग पाच-सहा वर्षं नीट असेल तर ते सोनं आहे.

आणि आपल्याकडे तिचं काय होतं? आमच्याकडे भाच्याची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर होती, इकोची चित्रं ज्या गुळगुळीत थर्मल कागदावर येतात ती दोन पावसाळ्यांत पांढरी पडली, कडेला बुरशी, आकडा वाचता येईना. कोकणातल्या दमट हवेत हे घरोघरी होतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, तारीख घालून ठेवा.

आता पैशाचं. सावंतवाडीवरून रात्रभर तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून परळला केईएम, दिवसभर ओपीडी, मुक्काम, परत, आणि बरोबर आलेल्या बापाची मजुरी बुडते ती वेगळी. पेशंट दुसऱ्या वर्षी येत नाही त्याचं कारण बऱ्याचदा आजार नसतो, हा खर्च असतो, आणि तो आला नाही की अभ्यासातलं त्याचं नाव गळतं. तर तुमचे पाच हजार एका घराचा फॉलो-अपचा प्रवास भागवतात. दहा-पंधरा हजारांत एका पेशंटच्या आई, बाप, भावंडांचे इको होऊ शकतात, आणि त्यात एखादा नवीन पेशंट महाधमनी फाटण्याआधी सापडतो. जेनेटिक टेस्टसाठी जांभळ्या झाकणाच्या बाटलीत थोडं रक्त लागतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणी काढून थंड डब्यातून पाठवता येतं, सगळ्या कुटुंबाने मुंबईला जायची गरज नाही, पण कोणीतरी ते काढणारा, पाठवणारा आणि नोंद ठेवणारा लागतो. त्या माणसाचा पगार, हा खर्च कुठल्याच फोटोत दिसत नाही आणि म्हणून कोणी देत नाही. मला विचाराल तर पहिला पैसा तिथे द्या. फक्त हे सगळं एखाद्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलच्या चालू अभ्यासाला जोडून हवं, नाहीतर ती नुसती मदत होईल, रिसर्च नाही.

७. पैसे अजिबात नाहीत, तरी काही करता येईल?

हो, आणि ते पैशापेक्षा कमी नाही. तुमच्या जेनेटिक्सच्या डॉक्टरांना सांगा की आमचं नाव राष्ट्रीय नोंदवहीत घाला. फॉर्म भरताना संमतीपत्र वाचा, रक्त किती वर्षं ठेवणार, नाव लपवणार का, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे आणि कधीही बाहेर पडायचाही.

घराण्याचा तक्ता काढा. कोणते काका "अचानक हार्ट फेल" होऊन चाळिशीत गेले, कोणाची नजर लहानपणीच गेली, कोण ताडासारखे उंच होते, हे आजीला माहीत असतं, ती आहे तोवर विचारून घ्या. अंगठा मुठीत दुमडला आणि करंगळीच्या बाजूने नखासकट बाहेर आला तर तेही लिहा, त्याने निदान होत नाही पण डॉक्टर बघतात ती खूण आहे.

८. पैसे नेमके कोणाला द्यायचे? खरं-खोटं कसं ओळखायचं?

कोणाच्या खासगी गुगल पे नंबरवर रिसर्चचे पैसे पाठवू नका, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. संस्थेच्या नावाचं खातं, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन, हे आधी मागा. मग अभ्यासाचं विचारा, प्रमुख संशोधक कोण, कुठल्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली, तिचं पत्र दाखवा. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआय (ट्रायल नोंदवायची सरकारी यादी) नंबर असलाच पाहिजे, भारतात १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी इंटरनेटवर कोणीही फुकट बघू शकतो.

मोठ्या संस्थेला देताना पत्र लिहून द्या की ही रक्कम अमुक अभ्यासासाठीच, आणि वर्षाने खर्चाचा दाखला मागा. खरे संशोधक या प्रश्नांनी रागावत नाहीत. जो रागावतो त्याला नमस्कार करून घरी या.

९. टॅक्समधे सूट मिळते का?

जुन्या कर पद्धतीत असाल तर मिळू शकते. १९६१ च्या कायद्यात नेहमीच्या धर्मादाय देणगीला ८०जी, आणि मान्यताप्राप्त वैज्ञानिक संशोधन संस्थेला दिलं तर ८०जीजीए, ज्यात धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला पूर्ण रकमेची वजावट होती. दोन्हीत २,००० रुपयांच्या वर रोख दिलेलं चालत नाही. नवीन कर पद्धत घेतली असेल तर ह्या वजावटी नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन आयकर कायदा आहे आणि कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे देण्याआधी सीएला एक फोन करा.

१०. गणपती मंडळाच्या किंवा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीतून देता येईल का?

मनापासून वाटतं की द्यावं, चाकरमानी गणपतीला आले की गाव भरलेला असतो आणि तेव्हाच माणसं देतात. पण नियम असा, उत्सवासाठी तात्पुरती वर्गणी काढताना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१सी खाली परवानगी घेतात, ती उत्सवाच्या कारणासाठी असते. त्यातला पैसा परस्पर दुसरीकडे वळवू नका. रिसर्चसाठी देणगी गोळा करायची तर तो हेतू परवानगीच्या अर्जातच लिहा, नाहीतर सरळ पेटी न फिरवता लोकांना संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड द्या, पैसे थेट तिकडे जाऊदेत, मंडळाच्या हातात यायलाच नकोत. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो.

नोंदणीकृत ग्रामस्थ मंडळ किंवा देवस्थान ट्रस्ट असेल तर घटनेतली उद्दिष्टं बघा. "वैद्यकीय मदत" किंवा "शिक्षण व संशोधन" असेल तर ठराव करून देता येतं, फक्त धार्मिक उद्दिष्टं असतील तर आधी धर्मादाय कार्यालयात विचारा.

११. लोटे एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा पैसा) मिळेल का?

मिळू शकतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असं कायद्यातच आहे. आरोग्यसेवा यादीत आहे, आणि वैद्यकीय संशोधनही आहे, पण ते सरकारी पैशावर चालणारे प्रकल्प किंवा सरकारी विद्यापीठं, संस्था यांच्यामार्फत. म्हणून कंपनीत जाताना सरकारी मेडिकल कॉलेजचा किंवा सरकारी संस्थेचा प्रस्ताव हातात असू दे. आता सिंधुदुर्गनगरी, रत्नागिरी, अलिबाग तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिथल्या मेडिसिन किंवा बालरोग विभागाला भेटा. इको कॅम्प हा आरोग्यसेवेत बसतो, त्याची नोंद अभ्यासात जाते, असं दोन्ही साधतं.

१२. भाऊ मस्कतला आहे, तो पैसे पाठवतोय. एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी) लागतो का?

भावाचा पासपोर्ट कुठला हे बघा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण मावशी अमेरिकेची नागरिक झालीय, हातात ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड आहे, तर ती परदेशी स्रोत ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवीच, पैसेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. आणि २०२० पासून एक संस्था असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. म्हणजे "मोठ्या ट्रस्टकडे येऊदे, मग ते आपल्याला देतील" हे बंद.

१३. परदेशातल्या फाउंडेशनला देऊ की इथेच?

द मारफन फाउंडेशन १९८१ पासून आहे, एलर्स-डॅनलॉस सोसायटीने हायपरमोबाइल प्रकाराचा जीन शोधायला १,००० पेशंटचा जीनोम वाचायचा प्रकल्प केला, ही सगळी मोलाची कामं आहेत आणि त्याचा फायदा आपल्यालाही होतो. पण तिकडे दिलेल्यावर इथे टॅक्सची सूट नाही, आणि माझं मत विचाराल तर आपला रुपया इथे जास्त लागतो. कारण असं की जेनेटिक रिपोर्टमधे "हा बदल आजाराचा की निरुपद्रवी ते सांगता येत नाही" असं बऱ्याचदा येतं, आणि ते सुटायला आपल्याच लोकांचा डेटा हवा. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, ती निरोगी लोकांची बाजू झाली, पेशंटची बाजू आपणच भरायचीय.

१४. ट्रायलमधे घेतो म्हणून आमच्याकडे दोन लाख मागितलेत. द्यायचे का?

नाही. खऱ्या ट्रायलमधे औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यायची हे २०१९ च्या नियमांत आहे. स्टेम सेलने मारफन किंवा एलर्स-डॅनलॉस बरा करतो म्हणणारे असतील तर सीटीआरआय नंबर मागा (प्रश्न ८). रक्ताचे काही आजार सोडले तर ट्रायलच्या बाहेर पैसे घेऊन स्टेम सेल देणं हे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या विरोधात आहे.

१५. "माझ्या झिलाक मारफन आसा. आता दिलेले पैसे तेका कधी उपयोगी पडतले?" (झील म्हणजे मुलगा)

खरं सांगायचं तर बरेचसे पडणार नाहीत, निदान लवकर नाही. एफबीएन१ जीन सापडला १९९१ ला, उंदरांवर लोसार्टन २००६ ला, माणसांतला निकाल २०१४ ला. पण कधीकधी वेगळंही होतं. टॅल गोल्सवर्दी नावाचा ब्रिटिश इंजिनियर, त्याला स्वतःला मारफन, त्याने महाधमनीला बाहेरून आधार देणारी जाळी स्वतःच्या स्कॅनवरून डिझाइन केली, डॉक्टर जमवले, पैसा उभा केला, आणि २००४ मधे पहिलं ऑपरेशन त्याच्यावरच झालं. त्यानंतर कितीतरी जणांना ती बसली.

रिसर्चची वाट बघत झिलाचा इको थांबवू नका. दर वर्षी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा माप, गोळी चालू असेल तर न चुकता, आणि छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली तर गॅसेस म्हणून घरी थांबायचं नाही, हातात मारफन लिहिलेला कागद घेऊन मोठ्या हॉस्पिटलला. सिंधुदुर्गवाल्यांना त्या वेळी मुंबईपेक्षा गोव्यातलं बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे.

१६. अभ्यास मधेच बंद पडला किंवा निकाल "फायदा नाही" असा आला तर आमचे पैसे गेले?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "फायदा नाही" हा निकाल असेल तर पैसे गेले नाहीत, लोसार्टनचा २०१४ चा निकालही असाच होता आणि तोच डेटा २०२२ च्या एकत्र अभ्यासात वापरला गेला (प्रश्न ३). अट एकच की निकाल छापला पाहिजे, म्हणून देताना पत्रात लिहा की निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करणार.

मधेच बंद पडला, संशोधक बदलून गेला, हे मात्र होतं. त्यासाठी सगळी रक्कम एकदम देऊ नका, वर्षावर्षाने द्या, आणि उरलेली रक्कम कुठे वळवायची, त्याच आजाराच्या दुसऱ्या अभ्यासाला की परत, हे सुरुवातीच्या पत्रातच ठरवा. रक्ताचे नमुने आणि इकोची मापं संस्थेकडेच राहतील आणि पुढच्या संशोधकाला मिळतील हेही त्याच पत्रात लिहून घ्या, कारण पैसे पुन्हा जमवता येतात पण मुलाचं चार वर्षांपूर्वीचं माप पुन्हा घेता येत नाही.